दाजींना न सापडणारा शब्द

चि. धाकट्यास मोठ्या ताईचे आशीर्वाद. पाठ कशी आहे तुझी? ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतोस, मधूनमधून उठत जा. इकडं सगळे ठीक, तुझे दाजी सोडून.

तुझा जुना कॉम्प्युटर तू दाजींना का दिलास, याचा जाब मी भेटल्यावर विचारणारच आहे. शिलाई मशिनी दुरुस्त करणारा माणूस, आता पासवर्ड फोडायची स्क्रिप्ट लिहितो. (चोरीसाठी नाही, हौस म्हणून. चोरीत निदान हाताला काही लागलं असतं.) मला समजावलं ते असं, की पासवर्डाचं पीठ करून ठेवतात आणि पिठाचे परत दाणे होत नाहीत. म्हणून यांची स्क्रिप्ट यादीतला एकेक शब्द दळते आणि पीठ जुळतं का बघते. मी म्हटलं, एवढं दळून खायला काय? तर दोन दिवस अबोला.

मग लागले अभिप्राय मागायला. मशीन न्यायला येईल त्याला आधी स्क्रिप्ट दाखवणार. शिंपीणबाई छान आहे म्हणाली आणि मशीन उचलून पळाली. तुला पाठवली, तर तू नुसता अंगठा पाठवलास. आठ महिन्यांच्या कामाला एक अंगठा. त्या दिवशी दाजी जेवले नाहीत.

आता परीक्षा म्हणून घरातल्या प्रत्येकाकडून मनातला एकेक शब्द टाइप करून घेतला, स्वतः न बघता. सासूबाईंचा शब्द त्यांचा चहा संपायच्या आत निघाला, लेकीचा दुपारपर्यंत. माझा अकरा दिवस झाले तरी निघत नाही. स्क्रिप्टमध्येच खोट आहे म्हणून रोज ती उसवत बसतात, दुकानात सात मशिनी तशाच पडल्यात, आणि माझ्यामागं प्रश्नांचा ससेमिरा. लहानपणी मैत्रीण कोण होती, रंग कुठला आवडतो, कुठं जावंसं वाटतं. मी तोंड उघडलं की पळत जाऊन यादीत घालतात. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. तेव्हा ती स्क्रिप्ट आता नीट वाच आणि चुका लगेच कळव. पुन्हा अंगठा पाठवलास तर याद राख.

तुझी ताई

ता.क. स्क्रिप्टमध्ये खोट नसावी. दाजींनी तोंड फिरवलं तेव्हा मला शब्दच सुचेना, म्हणून बटणांवरून फडकं फिरवलं आणि एंटर दाबलं. हे त्यांना सांगायचं नाही.

ता.क. दुसरा. काल विचारत होते, "लग्नाआधी तुला काय व्हायचं होतं गं?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. तर तू घाई करू नकोस. चुका काढ, पण आठवड्याला एकच.