राशीवरची उलटी छाप

मी भिकाजी मोरेश्वर टिपणीस, पेन्शनर कारकून, राहणार कोपरी, ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी पाठ पाहिल्यावर त्यांना स्वतःच्याच डोक्याची शंका आली, ती गोष्ट वेगळी.

कलम १. पुतण्या गुरुदत्त यास माझे पुस्तकांचे कपाट द्यावे. इतर ग्रहांवर वस्ती आहे, तेथील लोक एक दिवस आपल्या भेटीला येतील, असे सांगणारी ही पुस्तके त्यानेच मुंबईहून आणून मला वाचायला लावली. आता वाचण्याचा क्रम मी लावून देतो. मंगळावरच्या कालव्यांचे निळ्या बांधणीचे पुस्तक आधी वाचावे, ते निरुपद्रवी आहे. मग चंद्रावर पाहुणचार झोडून आलेल्या साहेबाची कादंबरी. ती जेवणानंतर वाचावी, झोप चांगली लागते. शेवटी पाद्रीबुवांचा जाड ग्रंथ. त्यात म्हटले आहे की ते लोक आपल्याहून शहाणे असणार, म्हणून दयाळूही असणारच. गुरुदत्ता, तिथे पुस्तक मिटून ठाण्याचा किल्ला बघून ये. समुद्रावरून आले तेही शहाणेच होते. ही सगळी पुस्तके गलबतात बसलेल्यांनी लिहिली आहेत. किनाऱ्यावर उभे राहून ज्याने गलबत येताना पाहिले, त्याचे एकही पुस्तक या कपाटात नाही. म्हणून हे मृत्युपत्र शेवटी वाचावे.

कलम २. खाडीकडचे मिठागर धाकूस द्यावे. तो आणि त्याचा बाप तिथे राबले, मी फक्त छत्री धरून उभा राहिलो. गुरुदत्तास ते का नाही, ते लिहितो.

यंदा चैत्रात त्याने मिठाच्या राशी त्रिकोणात घालायला लावल्या. म्हणाला, "काका, त्रिकोण कळतो तो प्राणी बुद्धिमान. ते वरून पाहतील आणि आपल्याला ओळखतील." मला गंमत वाटली. संध्याकाळी राशींवर राखेची छाप मारायची आमच्याकडे रीत आहे. कोणी मीठ उचलले तर छाप मोडते आणि चोरी कळते. आमच्या छापेत तीन रेघा आणि वर टिंब. धाकूच्या माणसांनी रोजच्यासारखी छाप मारली. कोणाच्या मनातही काही आले नाही.

सकाळी आमच्या छापा शाबूत होत्या. शेजारी त्यांच्याहून मोठी दुसरी छाप उठलेली होती. तीन रेघा तशाच, टिंब मात्र खाली. चिखलात पाऊल नव्हते. गुरुदत्त आनंदाने नाचला, "काका, उत्तर आलं!" धाकू खाली बसला. म्हणाला, "तात्या, ज्याची छाप त्याची रास. आपुन माल मांडला, त्यांनी नाव घातलं. आता उचलाला येतील."

तसेच झाले. राशी गेल्या, गाडीचे चाक उमटले नाही. मग तीच छाप आमच्या गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर दिसली. म्हैस नाहीशी झाली तेव्हा दावे खुंट्याला होते आणि गळ्याचा फास न सुटलेला. आम्ही नमस्कार घातला, त्यांनी बाजार समजला. आता ती छाप माझ्या पाठीवर आहे. धुतल्याने जात नाही, दुखतही नाही. मला भीती वाटते, हे लिहायला मला लाज नाही.

गुरुदत्त म्हणतो, येत्या आश्विनात मंगळ जवळ येईल तेव्हा चुन्याच्या राशी घालून पुन्हा विचारू. म्हणून धाकूला अट अशी की त्याने बांधातली उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी फळी, काढून खाडीचे पाणी आत घ्यावे आणि तिथे तिवरांची झाडे माजू द्यावीत. गुरुदत्ताला बांधावर पाऊल टाकू देऊ नये.

कलम ३. तपकिरीची चांदीची डबी शेजारी विश्राम यास. आयुष्यभर माझ्या डबीतली तपकीर ओढून "कडक नाही" म्हणाला. आता स्वतः भर बाबा.

कलम ४. राहते घर व आईचे दागिने मुलगी सुमती हिला. ती तरुणपणी विधवा होऊन परत आली. मी तिला पुन्हा शिकवले, तिने मला माणसात ठेवले. तिने इथे एक दिवसही राहू नये. कल्याणास मावशीकडे जावे. तिला छाप लागू नये, एवढ्यासाठीच हा कागद लिहितो आहे. बाकी मालमत्ता गेली चुलीत.

कलम ५. मी नाहीसा झालो तर बारा वर्षे वाट पाहू नये. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि मी मेलो असे समजावे. माझ्या नावाने आकाशाकडे हाक मारू नये.

येणेप्रमाणे लिहिले, ते मला मान्य आहे.
भिकाजी मोरेश्वर टिपणीस, दस्तुर खुद्द

साक्ष: विश्राम बाळाजी गुप्ते, दस्तुर खुद्द
साक्ष: धाकू राघो, निशाणी नांगराची. शाईत बोट बुडवून कागदावर ठसा उठवायला त्याने साफ नकार दिला.

मुक्काम कोपरी, वैशाख वद्य पंचमी, शके १८१६.

ताजा कलम, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमक्ष. वर सही करायला सुमतीने दौत पुढे धरली तेव्हा तिचा पदर दंडावरून सरकला. तीन रेघा, खाली टिंब. "तात्या, काल नव्हतं हो हे," ती म्हणाली, आणि दौत तिने सांडू दिली नाही. कलम चार रद्द समजावे. घर धाकूच्या लेकीला, लक्ष्मीला द्यावे. पळसाची पाने दोघांपुरती आणावीत.

भिकाजी मोरेश्वर टिपणीस