आपल्या घरात अंडं नव्हतं

आई, आज कंपनीला सुट्टी आहे. रावेतच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते, आणि परवाची गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही.

मी लहान असताना कोपरांत आणि गुडघ्यांमागे खाजवून खाजवून रक्त यायचं. दिघीतल्या आपल्या शेजारणीने तुला सांगितलं, हा इसब अंड्याने वाढतो, शेंगदाण्यानेही वाढतो. त्या दिवसापासून घरात अंडं आलं नाही आणि भाजीत कूट पडला नाही. भोसरीच्या कँटीनमध्ये तू दिवसभर शेकडो माणसांचं रांधायचीस. घरी आलीस की आधी माझ्या अंगाला खोबरेल लावायचीस, मग माझी बिनकुटाची भाजी करायचीस. स्वतःही तीच खायचीस. एकदा मावशीकडे जेवायला गेलोय. मी वरणभात घेऊन तुझ्या शेजारी बसलेय, आणि मावशी तुला अंडाकरी वाढतेय. तू ताटावर हात धरतेस. पोरीला चालत नाही, तुला काय झालं, असं मावशी विचारते.

"ती बघत बसंल आन् मी खाऊ व्हय? मला न्हाई गोड लागायचं."

अंडं तुला किती आवडायचं, हे मावशीने मला तू गेल्यावर सांगितलं.

चाकणला नोकरी लागल्यावर हातांवर पुन्हा उठलं. मग मी तुझ्यासारखीच एकेक पदार्थ सोडत गेले. आधी दूध, मग वांगं, टोमॅटो, गहू. शेवटी डब्यात भात आणि दुधी एवढंच उरलं. मैत्रिणी विचारून विचारून थकल्या, आणि मी वेगळ्या टेबलावर बसायला लागले. वजन उतरलं, इसब तिथेच. त्वचेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. त्रास कामावरच्या रबरी हातमोज्यांचा निघाला. अंड्याचं विचारलं, तर त्यांनी आधी त्यांच्यासमोरच थोडं खायला लावलं. नंतर शांतपणे म्हणाल्या, "याचा तुमच्या इसबाशी संबंध दिसत नाही. कदाचित लहानपणीही नसेल."

हातमोजे बदलले, मलम सुरू केलं, हात बरे झाले. परवा मी घरी एक अख्खं अंडं उकडून, मीठ लावून, ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. सकाळी उठून आधी कोपर बघितले. कातडी स्वच्छ होती.

हे पाठवायचं तरी कुठे? पण खरं सांगते, मला आनंद झाला नाही. आरशासमोर उभी राहून मी कोपरात नखाने जरा खाजवून पाहिलं. थोडं तरी उठायला हवं होतं, आई.