एक्केचाळीस नंबरचा कोट

मंगळवार, ३ तारीख

लिहू लिहू म्हणत नऊ दिवस टाळलं. आधी पेन नव्हतं, मग वही सापडेना — खरं म्हणजे हातच धजत नव्हता.

लाँड्रीच्या मागच्या गल्लीत घड्याळजीला मारून टाकलं तेव्हा मी पडद्याआड इस्त्री करत होतो. बेकरीवालीचा मुलगा त्याला म्हणाला, "आमच्यासारखं बोललास म्हणून आमचा होत नाहीस." आवाज ओळखीचा, रोज पाव आणून द्यायचा. मग नुसते फटके. पोलिसांना मी सांगितलं, वाफेच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

घड्याळजीचा कोट आमच्याकडेच आहे. अर्धी चिठ्ठी कोटाला टाचलेली, अर्धी त्याच्या पाकिटात. पाकीट गेलं. मालकांचा नियम — अर्धी चिठ्ठी आल्याशिवाय कपडा देवालाही द्यायचा नाही, जागचा हलवायचाही नाही.

बुधवार, ४

कोट टिकटिकतो. खिसे तीनदा चाचपले, रिकामे. मालक म्हणाले, वाफेचा पाइप असेल. पाइप बंद होता.

गुरुवार, ५

बेकरीवालीचा मुलगा कोठडीत. त्याचा वकील म्हणतो, पाकिटासाठी झटापट झाली, द्वेष कसला? द्वेष ठरला तर नव्या कायद्याने शिक्षा वाढते. मालक म्हणाले, खून तो खून, माणूस काय दोनदा मरतो?

रफूवाली मावशी घड्याळजीच्याच बोलीची. सुईत दोरा ओवत हळूच म्हणाली, "मेला एकच. पण आम्ही सगळेच रस्त्यात बोलायचे बंद झालो."

खरंय. तेव्हापासून ती गुणगुणलेली नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेर ट्रक उभा होता, त्यावरच्या गावाचं नाव वाचत बसलो. तिथं अजून गेलेलो नाही.

शनिवार, ७

पिशवी भरली. सोमवारी सुनावणी, त्याआधी सटकायचं. चार गावं सोडली, पाचवं काय जड आहे?

पण कोटाच्या बाह्या फुगल्यात — आत दंड असावेत तशा. हात लावला. गरम! कालपासून इस्त्री लावलीच नाही कुणी.

रविवार, ८, दुपार

पिशवी खांद्यावर घेतली आणि दारात बेकरीवाली! काउंटरवर चिठ्ठी ठेवली — एक्केचाळीस, पिठानं पांढरी. पाकीट पिठाच्या डब्यात सापडलं म्हणे, पैसे तसेच. "चोरी वाटावी म्हणून उचललं त्यानं. उद्या मी सांगणार आहे. तू काय ऐकलंस, पोरा?"

ती बाकावर बसलीय. मी कोट काढायला आत आलोय. पिशवी खाली ठेवली.