हवा गेली की गाणं थांबलं पाहिजे

९ मार्च २०२५, रविवार

मशीन उघडलं! दोन वर्षं माळ्यावर पडून होतं, बायकोच्या, सुलक्षणाच्याच जुन्या साडीखाली. ऑक्सिजनचं मशीन. तिच्यासाठी घरी आणलं तेव्हा पिंप्राळ्यातली अर्धी कॉलनी बघायला आली होती, नवा फ्रीज आल्यासारखी.

आतला कॉम्प्रेसर तेवढा काढून घेतला. खोकं, पॅनल, झडपा परत माळ्यावर. फिल्टरवर सर्व्हिसवाल्याची चिठ्ठी अजून चिकटलेली — हिरव्या पेनानं, "बदलला १२-१-२३". त्या माणसाला प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवायची खोडच होती.

साडी घडी करून उशाशी घेतली. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे सांगणार.

११ मार्च

टर्नटेबलचा साधा आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, एका टोकाशी खिळलेला असतो, त्यामुळे सुई रेकॉर्डवर कमानीत जाते. मला पाहिजे तो सरळ सरकणारा. एक पितळी नळी, तिला बारीक भोकं. नळीवर चढवलेली एक बाही आणि बाहीला सुई. आत हवा सोडली की बाही नळीला न टेकता तरंगते. फुंकरीनं सुद्धा सरकेल इतकी हलकी.

नळी वर्कशॉपात जाऊन लेथवर मीच काढली. निवृत्त झालो तरी हात विसरले नाहीत. भोकं अठ्ठावीस. ड्रिल मोडले चार.

१४ मार्च

बाहेर धुळवड. मी आत.

तोताराम आला. साक्रीकडचा, इथे ठिबकचं दुकान आहे, शेतात नळ्या टाकून देतो. फिल्टर, प्रेशरचा काटा, ठिबकची नळी — सगळं पिशवीत घालून आणलं. कॉम्प्रेसर हवा झटक्याझटक्यानं ढकलतो, त्यानं बाही थरथरते. मध्ये टाकी घातली की हवा शांत होते. टाकी म्हणजे काय, तर पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही तोंडं बंद.

"टाकी मोठी ठेवा, नाना," तोताराम म्हणाला. "लाईट गयी तरी दोन मिनिट हवा टिकस."

मी म्हटलं, लहानच बसव. थरथर थांबेल एवढीच. त्याला वाटलं म्हातारा चिकट झाला. वाटू दे.

१५ मार्च

लिहूनच टाकतो.

१८ एप्रिल २०२३, दुपार. आमचा इन्व्हर्टर लहान. त्याच्यावर पंखे, दिवे आणि माझं टर्नटेबल. ऑक्सिजनचं मशीन त्याला झेपणार नाही, वायरमननं आधीच सांगितलं होतं. म्हणून ते साध्या लाईनवर. लाईट गेली की मशीन बंद पडणार, गजर वाजणार, मी उठून तिच्या उशाशी ठेवलेलं छोटं सिलिंडर उघडणार. चावी घट्ट होती, तिच्यानं फिरायची नाही. सगळं ठरलेलं. पाच-सहा वेळा तसं केलंही होतं.

त्या दुपारी मी पुढच्या खोलीत, कानावर हेडफोन. बासरीची रेकॉर्ड. लाईट गेली — पण माझा पंखा फिरतोय, तबकडी फिरतेय, मला कसं कळणार! एक बाजू संपली. उठलो, बाजू उलटली. दुसरीही ऐकली. सगळी.

ममताला धुळ्याला फोन करून सांगितलं, गजर वाजला, धावत गेलो, तोवर आटोपलं होतं. पोटच्या पोरीला दोन वर्षं तेच सांगतोय.

म्हणून ह्या आर्मला तिच्याच मशीनची हवा. तीही साध्या लाईनवर. हवा गेली की गाणं थांबलं पाहिजे.

२२ मार्च

सुई बसते त्या कार्ट्रिजच्या चार तारा, केसासारख्या. जरा ताठ राहिल्या की बाहीला मागे ओढतात. त्यातली एक आतून तुटली. मीटर लावून शोधली, डोळे फुटायची वेळ आली.

मीटर मात्र अजून धडधाकट. ह्याची बॅटरी संपली होती ती त्याच दिवशी, १८ एप्रिलला, सकाळी. मी कुरकुरत बसलो होतो — एवढ्या घरात एक चौकोनी बॅटरी मिळू नये! सुलक्षणा नाकातली नळी सांभाळत उठली आणि दहा मिनिटांत बॅटरी आणून माझ्या हातावर ठेवली. बाई कुठे काय जपून ठेवायची देव जाणे. मी वर बघितलं सुद्धा नाही, तशीच मीटरमध्ये कोंबली.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही.

२ एप्रिल

मशीन चालायचं तेव्हा दर आठ सेकंदांनी आवाज यायचा. ठक् — फुस्स. झडपेचा. झडप मी स्वतः काढून माळ्यावर टाकली आहे.

तरी आज दिवसभर — ठक् — फुस्स.

कॉम्प्रेसर बंद केला. तरी!

३ एप्रिल

आजही.

९ एप्रिल

तीन दिवस पाणसळ घेऊन टेबलाशी झगडतोय. बुडबुडा मधोमध, केसभरही इकडेतिकडे नाही. पण हवा सोडली की बाही आपोआप सरकते. आतल्या खोलीकडे. तिच्या पलंगाकडे. टेबल उलटं फिरवून ठेवलं. तरी तिकडेच!

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चाळीस वर्षं लोखंड कापलं. पण आज उठून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

१० एप्रिल

सापडलं. हवा आणायला मी तिच्याच नाकाची नळी वापरली होती, तीच मऊ म्हणून. दोन वर्षं रोज उंबऱ्यावरून वळून तिला एक बाक बसलाय. उन्हानं गरम झाली की ती बाक धरते, बाहीला टेकते आणि तिकडेच रेटते. नळीला नवा वेढा दिला. आता बाही जागच्या जागी उभी.

खरं सांगतो, सापडलं तेव्हा वाईटच वाटलं.

१४ एप्रिल

वाजला! बासरीचीच रेकॉर्ड लावली, दोन वर्षांत पहिल्यांदा. हेडफोन नाही, मोठ्यानं. काय आवाज! बासरीवाला समोर मांडी घालून बसलाय असं वाटलं. फुंकण्याआधी तो श्वास घेतो, तोही ऐकू येतो. त्या दिवशी एवढं ऐकू आलं नव्हतं.

चार वाजता लाईट गेली.

तबकडी इन्व्हर्टरवर, ती फिरत राहिली. बाही नळीवर बसली. सुई एकाच जागी अडकली, नेमकी त्या श्वासावर. श्वास आत, परत आत, परत आत. सूर येतच नाही. मी उठायला हवं होतं. उठलो नाही. अकरा मोजले. मग धावत आतल्या खोलीत गेलो. पलंग रिकामा. नसणार तर काय!

ममता आली की सांगायचं. ठरलं.

१६ एप्रिल

ममता धुळ्याहून आली. कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, आर्म बघून खूश झाली. हवेचं प्रेशर, बाहीचं वजन, सगळं विचारलं. मग म्हणाली, एवढं सगळं केलंत आणि हे इन्व्हर्टरवर का नाही घेतलं?

सांगितलं. हेडफोन, दोन्ही बाजू, खोटं बोललो तेही. तिनं रडावं, चिडावं, असं वाटत होतं. तिनं चहा टाकला. कप माझ्यापुढे ठेवताना म्हणाली:

"नाना, तुमच्या कानाला हेडफोन होता. पण अभिमनकाकांची आणि आपली भिंत एकच आहे. त्यांना गजर कसा नाही ऐकू आला?"

मला हे कधी सुचलंच नाही.

१७ एप्रिल

सकाळी दोघं अभिमनकडे. तो म्हणाला, "त्या दिवशी काहीच वाजलं नही, नाना. मी ओट्यावरच होतो. वाजतं तर पळत आलो असतो. याआधी दोनदा आलोच होतो ना मी!"

खरंच आला होता.

माळ्यावरून पॅनल काढलं. मागे एक छोटं झाकण, आत गजराच्या बॅटरीचा कप्पा. लाईट गेल्यावर गजर ह्याच बॅटरीवर वाजतो. कप्पा रिकामा! ममता म्हणाली, सर्व्हिसवाल्यानं काढली असेल, परत घातली नसेल. त्याच्यावर भयंकर चिडली. मग माझा हात धरून म्हणाली, "हेडफोन नसता तरी तुम्हाला कळलं नसतं, नाना. गजर वाजलाच नाही."

दुपारी जेवून झोपलो. गाढ. ठक् नाही, फुस्स नाही. दोन वर्षांनी.

१८ एप्रिल

फोटोला हार घातला. ममता स्वयंपाकघरात पुरण वाटतेय, तिच्या आईला आवडायचं म्हणून.

डाव्या बाजूचा आवाज खरखरत होता, तार बघायला मीटर घेतलं. लागेना. मागचे दोन स्क्रू काढले. बॅटरीला चिठ्ठी चिकटवलेली आहे. हिरव्या पेनानं — "गजर. १२-१-२३. काढू नये."

ममता आतून विचारतेय, नाना, काय झालं मीटरला?

बॅटरी माझ्या हातावर आहे, सुलक्षणानं त्या सकाळी ठेवली होती तशी.