आबांचा व्रण, माझे टाके

रहिमतपूर,
१२ जानेवारी

प्रिय दादा,

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय. डायलिसिसवरून आलास की पडल्या पडल्या वाच. स्वतः वाच, वहिनीला वाचायला लावू नकोस.

गेल्या साली सांगलीत माझी पित्ताची पिशवी काढली, तेव्हा फौजेत वीस वर्षं काढलेला तू बाहेर बाकावर पाणीसुद्धा न पिता बसला होतास. तुझ्या डोळ्यांपुढे आबा होते, मला ठाऊक आहे. त्यांचा मुतखडा काढताना बरगडीखालून पाठीपर्यंत कापलं होतं. दोन महिने ते खाटेवर आणि ड्रेसिंगला तू. पुढं त्यांना वैरणीचा भारा कधी उचलता आला नाही.

माझं तसं काहीच झालं नाही. पोटाला चार भोकं, एकातून दुर्बीण. दुसऱ्या दिवशी चालले, तिसऱ्या दिवशी घरी. पंचाईत झाली ती वेगळीच. भेटायला येणाऱ्या बायका टाके बघितल्याशिवाय चहा घेत नाहीत. शेजारच्या भामाबाईंनी माझ्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय? मग झोपलीयास कशाला?" सासूबाईंना ते लगेच पटलं. पाचव्या दिवशी मी भाकरी थापत होते! आमच्याकडं आराम कापल्याच्या लांबीवर मिळतो.

देणाऱ्याची किडनीही दुर्बिणीनंच काढतात. डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं. भोकं तशीच, फक्त ती बाहेर घ्यायला बेंबीखाली चार बोटांचा छेद. चार-पाच दिवस दवाखाना, दीड महिना जड उचलायचं नाही. भुलीचा, रक्तस्रावाचा धोका थोडा असतोच, तेही त्यांनी लपवलं नाही. तुला मात्र मोठा छेद लागेल, तेव्हा आराम तुलाच जास्त.

तू सगळ्यांना सांगितलंस, अंजनाची किडनी जुळत नाही. वहिनी रडली, मीही रडले. सोमवारी माझे रिपोर्ट आणायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, सगळं जुळलंय, तुमचे भाऊच नको म्हणालेत. दादा, लय राग आला तुझा. माझं पोट वाचवायला तू मरायला निघालास, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. भीती मलाही वाटते. पण तू नसलास तर मी माहेरी यायचं कुणाकडं? गुरुवारी सांगलीला येतेय. कागदावर माझी सही झालीय, तुझी राहिलीय.

तुझीच,
अंजना