तपकिरी की पिवळा जवस

आई,

तू जाऊन तीस वर्षं होत आली आणि तुझ्या जवसाच्या चटणीने आता माझं डोकं फिरवलंय. आबा हल्ली माझ्याकडे, पोलादपूरला असतात. त्यांचं अन्नच तुटलंय, दोन घास खाऊन ताट सारतात. डॉक्टरांनी रोज चमचाभर जवस द्यायला सांगितला, हृदयाला बरा म्हणून. ते ऐकून आबा म्हणाले, "तिच्यासारखी चटणी कर गो. मंग जेवतो."

महाडच्या बाजारात गेले तर जवस दोन तऱ्हांचा. आपल्याकडे जवस म्हणजे तपकिरी, तुझ्या माहेरहून वरंध घाट उतरून येणारा. आता पिवळाही मिळतो. दुकानदार म्हणाला, "ताई, पिवळा घ्या, ताकदीचा." डॉक्टर म्हणतात, गुण जवळपास सारखेच, फक्त कुटून द्या, अख्खे दाणे पचत नाहीत. सून मोबाइलमध्ये बघून तिसरंच सांगते. कोणाचं ऐकू? दोन्ही घेतले.

तव्यावर दोन्ही सारखेच तडतडतात. पिवळ्याची चटणी सौम्य होते, तपकिरीची खमंग, मागून किंचित कडसर. मला दोन्ही बऱ्या लागल्या, हाच घोळ. आबांनी एकेक बोट चाखलं. "नाय गो. ही नाय, ती पन नाय." मग लसूण वाढवला, मिरची बदलली, एकदा खोबरं घातलं. तीन दिवस हेच चाललंय. काल वैतागून विचारलं, "आबा, मग तिची होती तरी कशी?" ते म्हणाले, "मला काय इचारतेस? डबा तर तुझ्याच वाट्याला जायचा. आमाला तळाची उरायची."

खरंय. मी पुण्याच्या वसतिगृहावर निघाले की तू तो डबा माझ्या कपड्यांच्या घड्यांत बसवायचीस. सुट्टीत रिकामा परत आणला की विचारायचीस, "पुरली का गं?" मी म्हणायचे, पुरली, छान झाली होती. पुढच्या खेपेला तू आणखी दाबून भरायचीस, स्वतःसाठी न ठेवता.

हे पत्र आबांच्या हाती लागण्याआधी फाडून टाकणार आहे. आत्ता ते आतून विचारतायत, "जमली का गो?" काय सांगू त्यांना? कपड्यांना वास लागतो म्हणून मी तो डबा पोचल्या दिवशीच खोलीतल्या मैत्रिणीला देऊन टाकायचे. घरीही कधी बोट लावलं नाही. आई, तुझी चटणी मी चाखलीच नाही गं.