बिनहाराचा फोटो

बाबा, तुमची ती मालिका दुपारची पुन्हा दाखवायला लागलेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही रोज भिंतीवरून माझ्याकडे बघता. भिंत मालिकेतली, गळ्यातला हारही मालिकेतलाच.

आटगावहून गाडी धरून तुम्ही आधी नाटकांत, मग सिनेमांत कामं करत राहिलात. कधी हवालदार, कधी तलाठी, कधी कंपाउंडर. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण स्टेशनबाहेरचे रिक्षावाले "हवालदार आले" म्हणत हटकून शेजारी बसवून घ्यायचे. घरी आलात तरी खोट्या मिशीचा डिंक ओठावर असायचा. आई खोबरेल लावून तो काढायची. मग एकदा शहापूरच्या स्टुडिओत तुम्ही फोटो काढून घेतलात. शर्टाला इस्त्री आईनंच केली. फोटो कशासाठी, ते तिला टीव्हीवरच कळलं: नायिकेचा मेलेला बाप.

"आवो, जित्या माणसाला हार? काय अवदसा आठवली तुमाला?"

"अगो, रोजचं काम हाय. नि एक वाक्य पाठ करायला नको," तुम्ही हसत होतात.

ती हसली नाही. रोज मालिका झाली की तुमच्यावरून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकायची. धुरानं तुम्ही खोकायचात, मी वैतागायचे. पुढे मालिका बंद झाली, आणि त्याच वर्षी भातझोडणीच्या दिवसांत खळ्यावर बसल्या बसल्या तुम्ही गेलात.

लावायला दुसरा फोटो नव्हता. बाकी सगळ्यांत कुणाची तरी टोपी, कुणाची तरी मिशी. तुमचा स्वतःचा चेहरा त्या एकातच. आईनं तो लावू दिला, पण "हार नाय घालायचा. एकदा घातला तेवढा बास." दिवाही नाही. नवखा पाहुणा विचारतो, "बाबा कुठं गेलेत?" आई म्हणते, "शूटिंगला." ती थट्टा करत नसते, म्हणून मला भीती वाटते. ताटही वाढून झाकून ठेवते. मला तुमच्यासाठी रडायचंय, बाबा, पण या घरात तुम्ही गेलेलेच नाही.

हे पत्र तुमच्या फोटोमागेही ठेवता येणार नाही, आई तो रोज पुसते. एवढंच सांगते: दुपारी ती आडवी झाली की मी आवाज बंद करून मालिका लावते. ती नटी तुमच्यापुढे दिवा लावते, डोळे पुसते. तिच्याबरोबर मीही इथे हात जोडते. तेवढ्यात आतून आई विचारते, "आले का गो?" मी घाईघाईनं टीव्ही बंद करते आणि म्हणते, "नाय अजून."